पाळणा आणि पर्यावरण

घरात मूल आले की माणूस पुढच्या पिढीचा विचार करू लागतो आणि पर्यावरणाविषयी अधिक जबाबदारीने वागतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष पाहणीत मात्र त्याला फारसा आधार मिळत नाही. ब्रिटनमध्ये त्याच त्या कुटुंबांकडून वर्षानुवर्षे माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूल झाल्यानंतर काही पर्यावरणस्नेही सवयींत किंचित घटच झाल्याचे त्यात आढळले. ज्यांना आधीपासून पर्यावरणाची तीव्र काळजी होती, त्यांच्यात पहिल्या अपत्यानंतर अधिक काही करण्याची इच्छा थोडी वाढली होती, एवढेच.

स्वीडनमध्ये १९९१ पासून कार्बन कर आहे आणि पालकांना दीर्घ सवेतन रजाही मिळते. तेथेही दोन प्रौढांच्या कुटुंबात मुले असल्यास कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २५ टक्क्यांहून अधिक वाढते, असे २०२० च्या अभ्यासात दिसले. वाढ मुख्यतः प्रवास आणि आहार यांतील होती. कारण उघड आहे: वेळ अपुरा पडू लागला की सोय महत्त्वाची ठरते.

याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे डायपर. ब्रिटिश पर्यावरण संस्थेच्या २००८ च्या अहवालानुसार एका मुलाच्या पहिल्या अडीच वर्षांत वापरून फेकण्याच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो, तर कापडी लंगोटांमुळे ५७० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. म्हणजे केवळ कापड वापरल्याने फरक पडत नाही; तो धुण्यावाळवण्यावर अवलंबून असतो. यंत्र पूर्ण भरून धुणे, उन्हात वाळवणे आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरणे, एवढ्याने सुमारे २०० किलोंची बचत होते. २०२३ च्या ब्रिटिश अहवालात तर कापडाचे पारडे स्पष्टपणे जड ठरले.

जुन्या सुती साडीची दुपटी आणि थोरल्याचे लंगोट धाकट्याला, ही मराठी घरातली जुनी काटकसर नेमकी हेच करीत होती. परंतु ते कपडे धूत कोण होते, हा प्रश्न टाळता येत नाही. बहुतेक घरी ते काम आईच्या किंवा आजीच्या वाट्याला येई. पतीपत्नी दोघे नोकरीला, हाताशी आजी नाही आणि जुलैच्या पावसात सदनिकेच्या गॅलरीत दोन-दोन दिवस न वाळणारी दुपटी, अशा घरात डायपर आला तो बेफिकिरीमुळे नव्हे. तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावा, असा नियम २०१६ मध्ये झाला. पण धुण्याचा भार घरात कोणी वाटून घ्यावा, हे कोणताही नियम ठरवीत नाही.