लिमोनेचं रक्त आणि आपली घंटागाडी

रंकाळ्यावर फेरी मारता मारता ऐकताय ना? मग आज एका दुसऱ्या तळ्याकाठी जाऊ. इटलीतलं गार्दा सरोवर, काठावर लिमोने नावाचं गाव.

१९७०च्या दशकात या गावचा एक रेल्वे कामगार मिलानमध्ये डॉक्टरांकडं गेला. रिपोर्ट बघून डॉक्टर चक्रावले. ट्रायग्लिसराइड जास्त, ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल एकदम कमी. अशा माणसाच्या धमन्या तुंबलेल्या असायला हव्या होत्या, पण त्या चांगल्या होत्या!

चेझारे सिरतोरी आणि ग्विदो फ्रान्चेस्किनी यांच्या गटानं शोध घेतला. एचडीएलमध्ये एपोए-१ नावाचं प्रथिन असतं. या माणसाच्या प्रथिनात फक्त एक अमिनो आम्ल बदललेलं निघालं. १९८० साली हे जगासमोर आलं, नाव पडलं ‘एपोए-१ मिलानो’.

मग अख्ख्या गावाचं रक्त तपासलं. सुमारे ४० जणांत तेच प्रथिन! आपल्याकडं हेळवी चोपडी उघडून घराण्याची वंशावळ सांगतो, तसं तिथं चर्चच्या नोंदवह्यांनी सांगितलं. धागा १७८० साली जन्मलेल्या एका पूर्वजापर्यंत गेला. १९३०च्या सुमारास रस्ता होईपर्यंत गावात यायचं ते नावेनं किंवा डोंगरातून. त्यामुळं हा वारसा गावातच राहिला.

एचडीएल म्हणजे घंटागाडी समजा. धमनीच्या भिंतीतलं कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडं नेते. गाड्या थोड्या, पण कामाला चोख, असा लिमोनेचा अंदाज.

पुढं याचं औषध झालं. भारतीय वंशाचे डॉ. प्रेडिमन शाह यांनी उंदरांवर प्रयोग केले. २००३ साली ४७ रुग्णांच्या चाचणीत आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शनं दिली, तर धमनीतला थर थोडा कमी झाला. जग नाचलं! पण २०१६ साली नव्या चाचणीत फायदा दिसला नाही. साध्या एपोए-१ चं औषधही २०२४ साली १८ हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके ठळकपणे कमी करू शकलं नाही.

म्हणून बाबांच्या रिपोर्टवर एचडीएल चांगलं दिसलं, की ‘आता तांबडा रस्सा बिनधास्त’ म्हणू नका. नुसत्या गाड्या मोजून गल्ली स्वच्छ आहे का ते कळत नाही. एलडीएल, रक्तदाब, साखर, तंबाखू, सगळंच बघायला लागतंय. लिमोनेचं रक्त आपल्याला मिळालं नाही. डॉक्टरांचा सल्ला आणि रंकाळ्याची फेरी मात्र आपल्या हातात आहे.

चला, अजून एक फेरी मारा. भेटू पुढच्या भागात!