कोळशाचें गांव आणि सात थडगीं

आठवड्याच्या शेवटीं दोन दिवस हवापालट करावा असें मनांत आलें, म्हणजे आपण लोणावळ्यास किंवा माथेरानला जातों. मी गेलों तें गांव मात्र उत्तर ध्रुवापासून अवघ्या १,३०० किलोमीटरांवर आहे. २०२५ च्या ऑगस्टअखेरची ही गोष्ट. नॉर्वेंतील ट्रॉम्सो शहरांतून शुक्रवारीं सायंकाळीं निघालेलें विमान दोन तासांच्या आंत स्पिट्सबर्गेन बेटावर उतरलें आणि रविवारीं तसल्याच विमानानें मी परतलों. एवढ्या अल्प मुक्कामाच्या बळावर एखाद्या गांवाचा इतिहास सांगूं म्हणणें धार्ष्ट्याचेंच. पण लाँगयीअरबिएन या गांवाचा सारा इतिहास जेमतेम सव्वाशें वर्षांचा आहे, आणि गांव वसलें तेंहि एका सहलीला आलेल्या माणसामुळेंच!

हीं बेटें विलेम बॅरेन्ट्स या डच खलाशानें १५९६ सालीं पाहिलीं. सुळक्यांसारखे डोंगर पाहून त्यानें त्यांना ‘स्पिट्सबर्गेन’, म्हणजे टोकदार पर्वत, असें नांव दिलें. पुढें देवमाशांच्या चरबीसाठीं डच व इंग्रज येथें झुंबड करून आले, आणि मासे संपत आले तसे निघूनहि गेले. त्यानंतर १९०१ सालीं जॉन मन्रो लाँगयीअर हे अमेरिकन उद्योगपति कुटुंबासह आगबोटीनें फिरावयास आले. कोट्यवधि वर्षांपूर्वीं जेथें अरण्यें उभीं होतीं, तेथें डोंगरांच्या पोटांत कोळसा असणें नवलाचें नव्हतें. तो काढून विकावा असें या गृहस्थांच्या मनांत आलें. १९०६ सालीं त्यांच्या कंपनीनें वस्ती उभारली, १९१६ सालीं ती एका नॉर्वेजियन कंपनीस विकली, आणि मालक जाऊन त्याचें नांव मागें राहिलें. ‘बिएन’ म्हणजे गांव, लाँगयीअरचें गांव.

खाणींचीं तोंडें डोंगराच्या कडेवर, गांवाच्या बरेंच वर आहेत. तेथून कोळशाच्या बादल्या तारेवरून बंदराकडे जात. त्या तारा पेलणारे लांकडी मनोरे अजून उभे आहेत, कारण १९४६ पूर्वींची मानवी खूण येथें कायद्यानें जपली जाते. ३ जानेवारी १९२० रोजीं पहिल्या खाणींत कोळशाच्या धुळीचा स्फोट होऊन २६ कामकरी मेले. त्यानंतर पांचच आठवड्यांनीं, ९ फेब्रुवारीस, पॅरिस येथें मुत्सद्यांनीं या बेटांचा तह केला. राज्य नॉर्वेचें, पण सही करणाऱ्या सर्व राष्ट्रांच्या प्रजाजनांस तेथें राहण्याची व उद्योग करण्याची समान मुभा, असें ठरलें. त्या तहावर हिंदुस्थानच्या वतीनेंहि सही झाली. अर्थात् ती ब्रिटिश मुत्सद्याच्या हातची. तरी तिचा उपयोग आज आपल्याला होतोच. २००८ सालीं याच बेटावरील न्यू-ऑलेसुंड येथें भारताचें ‘हिमाद्री’ हें संशोधनकेंद्र सुरू झालें.

शनिवारीं सकाळीं मी दरींतल्या लहानशा दफनभूमीकडे गेलों. डोंगराच्या उतारावर पांढरे लांकडी क्रूस उभे आहेत. त्यांत सात तरुणांचीं थडगीं आहेत. १९१८ च्या सप्टेंबरांत ते नॉर्वेहून खाणींत कामाला म्हणून निघाले, पण वाटेंत जहाजावरच इन्फ्लुएन्झानें त्यांना गांठलें आणि ऑक्टोबरच्या आरंभीं सातहि जण गेले. हा महिना वाचतांच मी थबकलों. आपल्या घरांतील म्हाताऱ्या माणसांनीं ‘मानमोडीची साथ’ म्हणून जिच्या कहाण्या सांगितल्या, ती हीच! त्याच आठवड्यांत मुंबईच्या स्मशानांत जागा पुरत नव्हती. एकट्या मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें दगावलीं.

या सात जणांना मात्र पुढें ऐंशी वर्षांनीं पुन्हां हांक मारण्यांत आली. बर्फाळ जमिनींत देह टिकले असतील व त्यांत त्या रोगाचें बीज सांपडेल, या आशेनें कर्स्टी डंकन या कॅनडियन विदुषीच्या पथकानें १९९८ सालीं, नातेवाईकांची व अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन, थडगीं उकरलीं. पेट्या निघाल्या त्या कायम गोठलेल्या थराच्या वर, दर उन्हाळ्यांत वितळणाऱ्या मातींत. हवें होतें तें हातीं आलें नाहीं. तें योहान हुल्टिन यांना त्याच्या आदल्याच वर्षीं अलास्कांतील एका दफनभूमींत मिळालें होतें. मेलेल्यांस उठवावें कीं नाहीं, हा प्रश्न तेथें उभ्या उभ्या मला सुटला नाहीं. उठवून जर पुढच्यांचे प्राण वांचणार असतील तर मी नको म्हणणार नाहीं. पण त्या क्रुसांपुढें हें बोलून दाखविण्याचा धीर मला झाला नाहीं. आमच्याकडील दहा लाखांची तर राख नाहीं तर माती झाली. त्यांना विचारावयास कोण जाणार, आणि कोठें?

‘या गांवांत मरावयास बंदी आहे’ अशी एक वदंता जगभर पसरली आहे. खरें एवढेंच कीं गोठणारी-वितळणारी जमीन पुरलेलें वर ढकलते, म्हणून १९५० च्या सुमारापासून येथें शवपेट्या पुरीत नाहींत. अस्थिकलश परवानगीनें ठेवतां येतो. वृद्धांसाठीं सोय नसल्यामुळें माणूस थकला कीं त्याला मुख्य भूमीकडेच जावें लागतें.

युद्धाचें फार सांगत नाहीं. १९४१ सालीं सारी वस्ती हलविली गेली. येथें लष्करी हालचाल करूं नये असें तहांत असतांनाहि १९४३ च्या सप्टेंबरांत ‘शार्नहॉर्स्ट’ व ‘टिर्पिट्स’ या जर्मन युद्धनौका आल्या व गोळ्यांनीं घरें जाळून गेल्या. दुसरी खाण पेटली ती पुढें कित्येक वर्षें धुमसत होती.

आणि आतां तो कोळसाच संपविला आहे. वीजघर २०२३ सालीं कोळशावरून डिझेलवर गेलें, आणि ३० जून २०२५ रोजीं सातवी, शेवटची नॉर्वेजियन खाण बंद झाली. म्हणजे मी पोंचलों तेव्हां कोळशाच्या गांवाला कोळशावांचून दोन महिने झाले होते. अडीच हजारांच्या आसपास माणसें आहेत. पाठशाळा आहे, संशोधक आहेत, आणि माझ्यासारखे दोन दिवसांचे पाहुणे तर पुष्कळच.

एक रीत मात्र अजून टिकून आहे. खाणकामगार काळ्या धुळीनें माखून येत, म्हणून घरांत शिरतांना बूट दाराशींच काढावयाचे. धूळ गेली, तरी हॉटेलांत नि पदार्थसंग्रहालयांतहि बूट काढावेच लागतात. आम्हां भारतीयांना त्यांत नवल तें काय! रविवारीं दुपारीं निघतांना दाराशीं बाकावर बसून मी बुटांचे बंद बांधीत होतों, आणि समोरच्या डोंगरावर तारेचे रिकामे मनोरे दिसत होते.