परवलीचा शब्द आणि शिक्का

श्रोतेहो, रात्री गडाचा दरवाजा बंद झाला, की आत येऊ पाहणाऱ्याला पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर आला तर माणूस आपला, नाहीतर परका. पण या रीतीत एक मोठी खोट होती. शब्द ज्याच्या कानी पडला, त्याचा झाला. मग तो शत्रूचा हेर का असेना!

संगणकाने हीच जुनी रीत उचलली. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ साली एकच संगणक अनेकांनी वापरण्याची व्यवस्था उभी केली. ज्याचे काम त्याच्यापाशी राहावे म्हणून प्रत्येकाला पासवर्ड आला. आणि गंमत पाहा, १९६२ सालीच ॲलन शेर या संशोधकाने सगळ्या पासवर्डांची यादी छापून घेतली. कशासाठी? आठवड्याचे चार तास त्याला पुरेनात! दोष शेरचा खरा. पण सर्वांची गुपिते एका यादीत मांडून ठेवली होती, हा दोष व्यवस्थेचाच.

यावर तोड निघाली ती गणितातून. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना मांडली: एक गुप्त, एक उघड. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती व्यवहारात आणणारी एक रीत दिली. पासकीचे मूळ या कल्पनेत आहे.

आपल्या जुन्या दप्तरातील शिक्का आठवा. ठसा सारे पाहत, शिक्का मात्र धन्यापाशीच राही. तशी इथे गुप्त किल्ली आपल्यापाशी, बहुधा फोनमध्ये, राहते. उघड किल्ली संस्थेकडे जाते. दर वेळी संस्था एक नवा आकडा पाठवते. आपण बोट टेकवले किंवा पिन घातला, की फोन त्या आकड्यावर गुप्त किल्लीने सही करतो, आणि संस्था ती उघड किल्लीने पडताळते. बोटाचा ठसा संस्थेकडे जात नाही. कालची सही आज चालत नाही. संस्थेची वही चोरीस गेली, तरी उघड किल्लीवरून गुप्त किल्ली काढणे व्यवहारात अशक्य. शिवाय किल्ली ज्या पत्त्यासाठी घडवली, तिथेच ती चालते. हुबेहूब बनावट पानाला माणूस फसेल. किल्ली फसत नाही.

२०१९ साली या पद्धतीला वेबचे प्रमाण मिळाले, आणि २०२२ साली ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तिघांनी तिचा पुरस्कार केला.

म्हणून निर्धास्त व्हावे काय? नव्हे. आता फोनचा पिन हाच गडाचा दरवाजा. तो कुणाला सांगू नये. आणि फोन हरवला तर खाते परत कसे मिळवायचे, याची सोय आधीच करून ठेवावी. खात्याला जुना पासवर्डही चालत असेल, तर ती चोरवाट उघडीच आहे, हेही ध्यानात असू द्या.

शिक्षकबंधूंनो, वर्गात मुलांना एवढेच सांगा: जो शब्द सांगता येतो, तो गोड बोलून काढूनही घेता येतो. पण जी किल्ली आपल्या स्वतःलाच ठाऊक नाही, ती आपल्या तोंडून कोण वदवून घेणार?