मेर्त्स

हा शब्द जर्मन कोशात नव्हता. तो कात्रणातून जन्मला. पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनीत हानोवरचा चित्रकार कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, वेष्टनं, तारा, लाकडाचे तुकडे चित्रांत चिकटवत असे. १९१९च्या एका चित्रात बँकेच्या जाहिरातीतल्या 'कोमेर्त्स'चं, म्हणजे व्यापाराचं, शेपूट तेवढं उरलं: 'मेर्त्स'. तेच त्याने आपल्या साऱ्या कलेचं नाव केलं. मला ते फार खरं वाटतं, कारण ते नावही सापडलेलीच वस्तू आहे. शिवाय 'श्मेर्त्स'शी, वेदनेशी, त्याचं यमक जुळतं. नाझींनी ही कला 'अधःपतित' ठरवली. १९३७मध्ये तो नॉर्वेला गेला, १९४०मध्ये इंग्लंडला. हानोवरच्या घरात वर्षानुवर्षं रचलेला 'मेर्त्सबाऊ', म्हणजे मेर्त्सची वास्तू, १९४३च्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाली. इंग्लंडात त्याने नव्याने तशीच रचना सुरू केली.