भिडूचा डबल आणि पहिली उतारी

रविवार, त्यात मेगाब्लॉक, तरी सतरंजीवर जागा उरलेली नाही. म्हणजे आसनगावात पत्त्यांचा विषय चालतो, हे आम्हाला आज कळलं.

सुरुवात रेल्वेपासून करू, कारण आपल्या गावात पत्ते आले ते बरेचसे रेल्वेच्या डब्यातून. १८५५ मध्ये लोहमार्ग वासिंदला पोचला. तिथून आसनगावला यायला १८६० चा फेब्रुवारी उजाडला. कसारा जोडलं गेलं १ जानेवारी १८६१ ला. म्हणजे जवळजवळ अकरा महिने आसनगाव हे या मार्गावरचं शेवटचं स्टेशन होतं. आज आपण सीएसएमटीला जायचं म्हटलं तर दोन तास जायला, दोन तास यायला. चार माणसं समोरासमोर बसली, मांडीवर बॅग आडवी ठेवली, की पानं पिसली जातात. मेंढीकोट, रमी, आणि कुठे कुठे ब्रिज.

आता आमची चूक सांगतो, कारण आजचा विषय तिथूनच निघाला. संध्याकाळची कसारा लोकल, कल्याण नुकतंच सुटलेलं. आमच्या उजवीकडच्या गड्याने एक इस्पिक बोलून सुरुवात केली, त्याच्या भिडूने दोन चौकट म्हटलं, आणि चढत चढत बोली सहा इस्पिकवर गेली. सहा म्हणजे तेरापैकी बारा हात करून दाखवायचे. आम्ही पास, डमी पास, आणि आमचा भिडू म्हणाला, ‘डबल.’

उतारी आमची. हातात इस्पिकची दोन बारीक पानं, बदाम राजा-राणीसकट चार, चौकटची चार बारीक पानं आणि किलवर गुलाम-दश्शी-चौकी. कुणीही म्हणेल, बदामचा राजा टाका. आम्ही तोच टाकला. समोरच्याने एक्क्याने घेतला, तीन वेळा हुकूम खेळून सगळ्यांचे हुकूम काढले, मग डमीची पाच चौकट एकापाठोपाठ वाजवली. पाचव्या चौकटवर हातातलं हरणारं बदाम फेकून दिलं. शेवटी आम्हाला मिळाला फक्त किलवरचा एक्का. बारा हात पूर्ण, तेही डबलमध्ये.

भिडूच्या हातात चौकटचं एकही पान नव्हतं. आम्ही चौकटची दुर्री उतरली असती, तर त्याने पहिलाच हात हुकमाने मारला असता, लगेच किलवरचा एक्का घेतला असता, आणि डाव तिथेच बुडाला असता. वासिंदपर्यंत भिडू एक शब्द बोलला नाही. आसनगावला उतरताना एवढंच म्हणाला, ‘मी सांगितलं होतं तुला.’

खरं होतं ते. त्याने सांगितलं होतं. पण ‘डबल’ या एका शब्दात ‘चौकट टाक’ हे कसं काय सांगितलं जातं? हा अर्थ त्या शब्दात आला कुठून? आज आपण तेच पाहणार आहोत.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बोली संपली की बोली जिंकणाऱ्याच्या डावीकडचा गडी पहिलं पान उतरतो, आणि त्यानंतरच डमीची पानं उघडी होतात. म्हणजे सगळ्या डावात ही एकच उतारी अशी, की जी अंधारात करावी लागते. हातातली तेरा पानं आणि कानावर पडलेली बोली, याशिवाय आधाराला काही नाही.

आता मागे जाऊ. १८८६ मध्ये लंडनमध्ये ‘बिरिच’ नावाच्या खेळाचे नियम देणारी एक छोटी पुस्तिका छापली गेली. १८९४ मध्ये लॉर्ड ब्रूम यांनी हा खेळ लंडनच्या पोर्टलंड क्लबात नेला, असं सांगतात. त्या वेळच्या ब्रिजमध्ये बोलीचा लिलाव नव्हता. पानं वाटणारा किंवा त्याचा भिडू हुकूम ठरवायचा, नाहीतर ‘बिनहुकमी’ म्हणायचा. विरुद्ध बाजूला एकच बोलणं मोकळं होतं, ते म्हणजे डबल. आणि त्याचा अर्थ सरळ होता: माझ्याकडे जोर आहे, पैज वाढवा.

पण लगेच अडचण आली. बिनहुकमी डाव आहे, उतारी माझी, आणि डबल दिलाय माझ्या भिडूने. त्याच्याकडे एखादा लांब, पक्का रंग आहे हे उघड. पण कुठला? मी चुकीचा रंग उतरला तर त्याची ती सगळी पानं हातात धरून बसायची वेळ येते. यावर त्या काळात दोन पंथ पडले. एक पंथ म्हणाला, भिडूने बिनहुकमीला डबल दिला की डोळे मिटून आपलं सर्वात मोठं बदाम टाका. दुसरा पंथ म्हणाला, छे, आपल्याकडे जो रंग सर्वात कमी तो टाका. आपल्याकडे कमी म्हणजे भिडूकडे जास्त असण्याचा संभव मोठा.

या दोन पंथांत फरक काय ते बघा. पहिल्यात आधी ठरलेला करार आहे: डबल म्हणजे बदाम. दुसऱ्यात करार नाही, तर्क आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांत डबलचा जो काही इतिहास घडला, तो या दोघांच्या ओढाताणीचाच आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑक्शन ब्रिज आला. त्याचा उगम आपल्याकडच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्यांशी जोडला जातो, आणि अलाहाबादहून ‘जॉन डो’ या टोपणनावाने छापलेल्या पुस्तकाचा दाखला दिला जातो. आता चौघेही बोली लावू लागले. बोली वाढली तसं डबलवर कामही वाढलं. १९१२-१३ च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्कला मेजर चार्ल्स पॅटन आणि सेंट लुइसला ब्रायंट मॅकॅम्पबेल या दोघांनी स्वतंत्रपणे एक कल्पना काढली: समोरच्याने पहिलीच बोली लावली आणि त्यावर मी डबल म्हटलं, तर तो दंड नव्हे; भिडू, तुझा चांगला रंग बोल, अशी ती विनंती. एकच शब्द, पण वेळ बदलली की अर्थ बदलला.

मग १९२५. हॅरोल्ड व्हँडरबिल्ट पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ बोटीवर मित्रांबरोबर खेळत असताना त्यांनी गुणांची नवी पद्धत लावून पाहिली. तोच आजचा काँट्रॅक्ट ब्रिज. त्यात मोठं बक्षीस मिळवायचं तर ती बोली आधी लावावी लागते. त्यामुळे सहाची बोली, म्हणजे स्लॅम, महत्त्वाची झाली आणि लोक ती विचार करूनच लावू लागले.

इथे थिओडोर लाइटनर हे नाव येतं. अमेरिकन खेळाडू, एली कल्बर्टसन यांच्या गोटातले. १९३१-३२ च्या गाजलेल्या कल्बर्टसन-लेन्झ सामन्यात काही डाव कल्बर्टसनचे भिडू म्हणून खेळलेले. १९२९ मध्ये त्यांनी जो विचार मांडला तो वाण्याच्या हिशेबाइतका साधा आहे. आजच्या गुणांनी करून बघू. समोरच्यांनी सहा इस्पिक बोललं आहे, ते एका हाताने बुडणार असं आपल्याला वाटतं. डबल न देता ५० गुण मिळतात, डबल देऊन १००. फायदा ५० चा. पण बोली जमली तर? डबलमुळे त्यांना २३० गुण जास्त जातात. पन्नास मिळवायला दोनशे तीस पणाला लावायचे, हा व्यवहार शहाणा माणूस करणार नाही.

मग स्लॅमला डबल द्यायचाच नाही का? लाइटनर म्हणाले, द्या, पण दंड वाढवायला नको. उतारी बदलायला द्या. साधी उतारी झाली तर बोली जमेल आणि त्यांना ९८० गुण मिळतील. वेगळी उतारी झाली तर बोली बुडेल आणि १०० आपल्याला. एका पानाने १०८० चा फरक. म्हणून स्लॅमवरचा भिडूचा डबल म्हणजे: ‘तू जे टाकणार होतास ते टाकू नकोस.’

यातून उतारीचे नियम आपोआप निघतात. हुकूम टाकायचा नाही. आपण किंवा भिडूने बोललेला रंग टाकायचा नाही, कारण तो तर डबल नसतानाही टाकला असता. बहुतेक वेळा डमीने पहिल्यांदा बोललेला रंग टाकायचा. किंवा आपल्याकडचा असा लांब रंग, की ज्यात भिडू रिकामा असू शकेल. आमच्या डावात दोन्ही खुणा एकाच दिशेला होत्या. डमीने चौकट बोलली होती आणि आमच्याकडे चार चौकट होती. पण आम्ही आमच्या राजा-राणीच्या प्रेमात पडलो.

तीन बिनहुकमीवरच्या डबलची रीतही बांधली गेली आहे. उतारी करणारा काही बोलला असेल तर त्याचा रंग. डबल देणारा बोलला असेल तर त्याचा. दोघेही गप्प असतील तर डमीचा पहिला रंग. आणि समोरचे एक बिनहुकमीवरून थेट तीनवर गेले, कुणी रंगच बोललं नाही, तर? तिथे आजही बरेच जण म्हणतात, बदाम आणि इस्पिक यांत जो रंग आपल्याकडे कमी तो टाका. काही जोड्या मात्र एखादा रंग आधी ठरवून ठेवतात. म्हणजे ते १९०० च्या आसपासचे दोन पंथ अजून जिवंत आहेत.

पुढे कृत्रिम बोली आल्या: १९३३ चा ब्लॅकवुड, मग स्टेमन, मग ट्रान्सफर. बोली किलवरची, पण अर्थ किलवर नाही. अशा बोलीला डबल दिला की साधारण अर्थ होतो, ‘हाच रंग टाक.’ आणि संधी असून भिडूने डबल दिला नाही, तर त्या गप्प बसण्यातूनही काहीतरी कळतं.

आता जरा नाजूक भाग. आपल्या मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, कान खाजवणं, खोकणं हा गमतीचा भाग असतो. पकडलं तर हसायचं, पुढचा डाव. ब्रिजमध्ये हे चालत नाही. नियम सांगतो की भिडूंनी एकमेकांशी बोलायचं ते फक्त बोलीतून आणि पानांतून. आणि त्या बोलीचा ठरलेला अर्थ समोरच्यांनी विचारला तर तो सांगावा लागतो. लाइटनर डबल ही खूणच आहे. पण ती उघडी खूण आहे, चौघांना ठाऊक असलेली.

तोंडी बोलीत एक चोरवाट होती, ती आवाजाची. हळू म्हटलेला ‘डबल’ आणि बॅगेवर हात आपटून म्हटलेला ‘डबल!’ यांचे अर्थ वेगळे होतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत बोलीचे छापील पत्ते आले, आणि १९७५ च्या बर्म्युडा बोलमध्ये भिडूंच्या मधोमध पडदे लागले.

तरी चोरी थांबली का? २०१५ मध्ये नॉर्वेच्या बोये ब्रोगेलंड यांनी इस्रायलच्या लोटन फिशर आणि रॉन श्वार्ट्झ या जोडीवर जाहीर आरोप केला. लोकांनी सामन्यांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. बोली संपल्यावर पानांचा बोर्ड टेबलावर कुठे ठेवला जातो, यावरून कुठला रंग उतरायचा ते सांगितलं जात होतं, असं त्यातून पुढे आलं. त्याच वर्षी जागतिक स्पर्धा आपल्याकडे चेन्नईला होती. इस्रायलने संघ मागे घेतला. २०१६ मध्ये युरोपियन ब्रिज लीगने दोघांवर पाच वर्षांची बंदी घातली आणि जोडी म्हणून कायमची.

विचार करा, चोरलं काय होतं? डबल जे सांगतो तेच: हा रंग उतर. फरक एवढाच, की डबल द्यायला किंमत मोजावी लागते. चुकला तर २३० गुण जातात, आणि समोरचेही तो ऐकतात. बोर्ड इंचभर सरकवायला किंमत नव्हती, आणि तो समोरच्यांना ऐकूही येत नव्हता.

पत्ते म्हणजे जुगार, असं घरोघरी ऐकायला मिळतं. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला, तेव्हा रमीतला नशिबाचा भाग ब्रिजच्या वाटपातल्या नशिबासारखाच आहे, असं म्हटलं. पानं नशिबाने येतात; पुढचं आपल्यावर. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीचं सुवर्ण आणलं, तेव्हा दोघेही साठीच्या आसपासचे होते. एवढं वय झाल्यावर आशियाई सुवर्ण देणारे खेळ फार नाहीत.

शेवटी आमच्या डावाकडे येतो. आम्हाला लाइटनर डबल माहीत नव्हता असं नाही. माहीत होता. पण हातात राजा-राणी असताना भिडूच्या शब्दावर दुर्री टाकायला मन तयार होत नाही. आपल्याला जे दिसतं ते खरं वाटतं, भिडूला जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. डबल म्हणजे त्याने घेतलेली जोखीम आहे. त्याने गुण पणाला लावले ते आपण ऐकू या भरवशावर. तो भरवसा आपण मोडला, तर पुढच्या वेळी तो डबल देणारच नाही, आणि मग समोर बसलेला माणूस भिडू राहत नाही, नुसता सहप्रवासी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत भिडूने आमच्यासाठी जागा धरून ठेवली होती. पानं पिसता पिसता त्याने एवढंच विचारलं, ‘आज ऐकणार ना?’

ऐकणार, असं आम्ही म्हटलं.