'शुद्ध' उच्चाराचा इतिहास आणि वऱ्हाडातील मूल

प्रस्तावना :
बुलढाणा जिल्ह्यातील सुशिक्षित घरांत एक प्रश्न नेहमी उद्भवतो. मूल शाळेतील सवंगड्यांकडून 'डोया', 'काया', 'पानी' असे उच्चार शिकून येते आणि पालक तत्काळ 'डोळा', 'काळा', 'पाणी' अशी दुरुस्ती करतात. वऱ्हाडी बोलणाऱ्या घरात याच्या उलट घडते. तेथे शाळेतून आलेला 'ळ' थट्टेचा विषय होतो. अशी दुरुस्ती करावी काय, याचा ऐतिहासिक अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रमाणभाषेची घडण :
मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी वऱ्हाडातील रिद्धपूर येथे सिद्ध केले. तथापि छापील मराठीचे प्रमाण रूप मुंबई-पुण्याकडे घडले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली, तर दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी वऱ्हाड निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले आणि १९५६ साली मुंबई राज्यात आले. म्हणजेच प्रमाण रूप ठरत असताना हा प्रदेश त्या व्यवहाराबाहेर होता. १९६७ साली बालभारतीची स्थापना झाली व पुढे सिंदखेड राजा आणि पुणे येथील मुलांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक आले.

बोलीचे नियम :
'डोळा-डोया', 'शाळा-शाया', 'केळी-केयी' या जोड्या पाहता 'ळ'च्या जागी 'य' येणे ही जिभेची चूक नसून बोलीचा नियम आहे, हे स्पष्ट होते. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) या कादंबरीने याच बोलीचे सामर्थ्य सिद्ध केले.

निष्कर्ष :
लेखनात प्रमाण रूपाचा आग्रह धरणे योग्यच होय. परीक्षा व नोकरी त्यावरच अवलंबून असतात. प्राध्यापकाच्या मुलाला ते रूप घरीच मिळते. शेतमजुराच्या मुलाला शाळेखेरीज अन्य आधार नाही. म्हणून शाळेने 'ळ' शिकविलाच पाहिजे. परंतु घरी 'डोया' खोडून काढणारा पालक केवळ उच्चार सुधारीत नाही. शेजारच्या बाकावरील मित्राची भाषा हीन आहे, हेही तो नकळत शिकवितो. ज्या मुलाला दोन्ही रूपे व त्यांचे प्रसंग ठाऊक आहेत, त्याचा उच्चार दुरुस्त करण्याचे ऐतिहासिक कारण दिसत नाही.