डोळ्यांदेखत

इतिहासाच्या पुस्तकात हुकूमशहा एका पानावर नसतो आणि पान उलटले की सिंहासनावर दिसतो. प्रत्यक्षात मात्र तो हळूहळू, चारचौघांच्या डोळ्यांदेखत मोठा होत असतो. मग पाहणाऱ्यांना तो दिसत कसा नाही? वाचकहो, त्यासाठी हिटलरच्या जर्मनीत गेलेल्या तीन परक्या माणसांची हकिकत ऐका.

१९३१ च्या अखेरीस डोरोथी थॉम्पसन या अमेरिकन वार्ताहर बाई हिटलरला भेटल्या. समोरचा माणूस त्यांना अगदीच क्षुद्र वाटला. हा कसला जर्मनीचा सत्ताधीश होणार, असा निर्वाळा देऊन त्या मोकळ्या झाल्या! बाईंनी माणूस नीट न्याहाळला. पण पराभवाने डिवचलेले आणि बेकारीने गांजलेले लोक त्याच्यामागे गोळा होत होते, त्यांचे बळ त्यांनी कमी लेखले. ३० जानेवारी १९३३ रोजी तो चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकार आपल्याच हाताने त्याच्या सरकारला देऊन टाकला. बाईंचे डोळे उघडले, लेखणी तिखट झाली. आणि ऑगस्ट १९३४ मध्ये चोवीस तासांत देश सोडण्याचा हुकूम त्यांच्या हाती पडला.

१९३६ च्या सप्टेंबरात लॉइड जॉर्ज पाहुणे म्हणून गेले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला नमवणारे हे इंग्लंडचे पंतप्रधान, काही भोळे गृहस्थ नव्हेत. पण पाहुण्याला यजमान दाखवील तेच दिसते. नवे रस्ते, कामाला लागलेले हात पाहून ते भारावले आणि घरी परतून त्यांनी हिटलरला जर्मनीचा जॉर्ज वॉशिंग्टन ठरवले. ज्यांची तोंडे बंद झाली होती ती माणसे पाहुण्यांपुढे येणार कशी?

तिसरे गृहस्थ ब्रिटिश राजदूत सर होरेस रम्बोल्ड. हिटलर आज काय बोलतो यापेक्षा त्याने पूर्वी काय लिहिले आहे, हे त्यांनी बारकाईने वाचले. सत्तांतराला तीन महिने होत नाहीत तोच, २६ एप्रिल १९३३ रोजी, त्यांनी लंडनला भला मोठा खलिता धाडला : शांततेच्या गोष्टी वेळ काढण्यासाठी आहेत, तयारी युद्धाची आहे. खलिता मंत्रिमंडळापर्यंत पोचला. तरीही पुढे कित्येक वर्षे इंग्लंडने समजुतीचेच धोरण चालवले. १९३९ मध्ये त्याची किंमत जगाला मोजावी लागली.

रम्बोल्डसाहेबांना त्यासाठी हेर नेमावे लागले नव्हते. ‘माइन काम्फ’ हे पुस्तक दुकानात उघड विकत मिळत होते.